मीठ कमी

नवतप्याचा सहावा दिवस.
मानेवाडा रोडवर टायर वास मारून राहिले
अन् फोन म्हणते, मी तापलो,
जरा थंड होऊ द्या.
बाप्पा, मला कोण थंड होऊ देते?

बारा डबे. यादी फोनात.
एकच यादी, पण दोन फोनांत:
एक माझा, एक घरी प्रज्वलचा.
त्यानं भेंडी लिहिली की माझ्याकडं भेंडी,
मी ‘लांजेवार सुटीवर’ लिहिलं
की त्याच्याकडंही लांजेवार गेले गावाला.
अन् वर ढगात तिसरी असते म्हणे,
खरी तीच.
मे महिन्यात, नागपुरात, ढग!
मी हसली होती तेव्हा.

काल रात्री माझा रिचार्ज संपलेला.
तितरमारे सरांनी दार उघडलं,
सकाळचा डबा परत केला
नेहमीसारखा धुऊन, पुसून, झाकण उलटं ठेवून.
मोतीबागेच्या ऑफिसात नकाशे काढत जन्म गेला,
त्यांचं खरकटंसुद्धा सरळ रेषेत.
गोळाभाताचा गरम डबा हाती घेत म्हणाले,
‘बाई, डॉक्टर म्हणते मीठ कमी.
अन् उद्या पोळी नको. भाकर.’
मी जिन्यातच लिहून घेतलं.
ओळीपुढं एक छोटा बाण आला,
वर जायचं म्हणत होता,
पण जाऊन राहिला नव्हता.

सकाळी तुकडोजी पुतळ्याजवळ
शंभराच्या नोटेवर थोडी रेंज विकत घेतली.
फोन थरथरला.

*दोन प्रती जुळत नाहीत.*

या फोनवर: तितरमारे सर. मीठ कमी. उद्या भाकर.
दुसऱ्या फोनवर: काहीच नाही.
लांजेवारनंतर एकदम गजभिये.
मध्ये माणूस नाही.

खाली तीन बटणं.
ही ठेवा. ती ठेवा. दोन्ही जुळवा.

मला वाटलं, पोट्ट्याचा अंगठा लागला असेल.
फोन लावला, ओरडायच्याच तयारीनं.
‘आई,’ तो म्हणाला, ‘तू गाडी बाजूला घे पहिले.’

पहाटे गेले. झोपेतच.
भाचीचा फोन आला घरी, सात वाजता,
अन् सात-पाचला यानं नाव पुसलं.
त्याचं काय चुकलं?
बाराचे अकरा झाले, कणीक कमी मळायची होती.

मी विचारलं, मग आता कोणाचं खरं?
तो म्हणे, नंतरचं खरं धरतात, आई.
पण तू लिहिलं काल, पोचलं आज.
त्याला कळत नाही तू आधीची की नंतरची,
म्हणून विचारून राहिलं.

मला तरी कुठं कळत होतं.
माझ्या स्क्रीनवर माणूस अजून भाकर मागत होता.
सर एकदा म्हणाले होते,
एका पुलाच्या दोन प्रती निघाल्या न बाई,
की पूल तिसऱ्याच जागी बसते.

ऊन डोक्यावर. मागून ऑटोवाला हॉर्न मारून राहिला.
‘ही ठेवा’ म्हणायला धीर नव्हता,
‘ती ठेवा’ म्हणायला हात नव्हता.
मी तिसरं दाबलं.

मशीन बिचारं प्रामाणिक.
त्यानं प्रज्वलचं ऐकलं: नाव काढलं.
माझंही ऐकलं: ओळ ठेवली.
अन् ती ओळ घसरली खाली,
गजभिये मॅडमच्या नावाला जाऊन चिकटली.

मला ते दिसलं नाही. डबे प्रज्वलनं भरले,
यादी पाहून.

दुपारी दीडला मॅडमचा फोन.
‘काऊन हो, आज वरणात मीठच नाही?’
मी गप्प.
‘अन् भाकर कशी काय आज?’
मी तरी गप्प.
मग त्याच म्हणाल्या,
‘बरी होती पण. किती वर्षांनी खाल्ली.’

मीठ वाढवलं दुसऱ्या दिवसापासून.
भाकर राहू दिली.
यादीत मात्र ओळ तशीच आहे,
प्रज्वल विचारते, पुसू का?
मी म्हणते, राहू दे, रेंज नाही.

आता मांडणीवर अकरा डबे.
बारावा मानेवाड्यातच राहिला,
रात्रीचा, गोळाभाताचा.
मागायला कसं जावं?
धुऊनच ठेवला असेल.
झाकण उलटं.